तीन डबे

टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलाय
तो कनेक्टिंग रॉडचा तुकडा आहे.
मोडला तिथे जांभळट पडलाय.
मातरच्या गाडीचा.

शारजा, सनैया पाच, ऑगस्ट.
रात्री अकरालाही शटरला हात लावता येत नव्हता.
मातर आला. सहा सिलिंडर, टर्बो सोललेल्या नारळाएवढा,
आणि तीन डबे बाकावर मांडून म्हणाला,
तिन्ही लाव, तिन्ही पळव, मग बोल.
पैसे त्याचे, झोप माझी.

पहिला डबा चोरटा.
मूळ ईसीयूच्या वायरींत मध्येच शिरून बसतो
आणि वर कळवतो :
दाब फार नाही साहेब, नेहमीपेक्षा कमीच.
साहेब भोळा, आणखी दाब चढवतो.
आठ वर्षं मीही घरी फोनवर कळवलं,
उकाडा फार नाही, आपल्याकडच्यासारखाच.
त्यामुळे या डब्यावर माझा राग नाही.
सहाशे चाळीस घोडे. चौथ्या गिअरला ठसका.

दुसरा जुन्याला घरीच बसवतो.
स्वतः कोरा.
गार इंजिन कसं उठवावं,
एसी लागला की किती सावरावं,
काही म्हणजे काही येत नाही.
सोळा आडवी घरं, सोळा उभी, घराघरात आकडा.
कुंडलच्या शाळेत दांडेकर मास्तरांनी
पावकी, निमकी, सवायकी छडीवर म्हणून घेतली,
तिचा उपयोग शेवटी इथे झाला.
शिबू पंख्यापाशी, माझ्या कानाला हेडफोन,
आत सिलिंडरमध्ये मोहरीचा पहिला दाणा तडतडला
की ठिणगी दोन अंश मागे.
पुन्हा. पुन्हा.
आठशे बारा.
फक्त सिग्नलला एसी लावून उभा राहिला की बंद पडायचा,
मागे टॅक्सीवाल्यांचे हॉर्न.
ते शिकवण्यात एक आठवडा गेला.

तिसराही कोरा, पण महाग, आणि संशयी.
तेलाचा दाब, पेट्रोलचा दाब, हवेचा ताप,
सारखा नाडी धरून बसलेला.
आठशे नऊ.
शुक्रवारी बदायरच्या लाल टेकडीवर मातरनं त्याला घातलं
आणि अर्ध्या चढावर यानं इंजिन तोडलं.
चुलतभावांसमोर. व्हिडिओ निघाले.

मी लॉग उघडला.
हे बघ, चढावर तेल मागे सरकलं,
पंपानं हवा ओढली,
सेकंदाचा तिसरा हिस्सा, दाब शून्य.
तेलाची टाकी खोल करू, दोन दिवसांचं काम.
मातरनं स्क्रीनकडे पाहिलं नाही.
आठशे बारा मोठे की आठशे नऊ, एवढंच विचारलं.
गणित त्याचं बरोबर होतं.

दुसरा डबा बसवून घेतला.
त्यातही रखवाली घालता येते,
नको म्हणाला, रखवालदार घरी खूप आहेत.
जाताना खलास खजुराची पेटी ठेवून गेला.

डिसेंबरात फ्लॅटबेडवर आली.
ब्लॉकला भोक, शिबूची मूठ आरपार.
मातर वाकला, तुकडा उचलला,
गार झालेला, तरी या हातातून त्या हातात घेत राहिला,
मग माझ्या बिलांवर ठेवला
आणि चहा आहे का म्हणाला.

खालच्या खणात मूळ ईसीयू आहेत.
प्रत्येकावर चिकटपट्टी, नाव, तारीख.
पासिंग जवळ आलं की मालक येतात, आपापला मागतात,
आठवडाभर सरळ चालतात, पुन्हा खणात.
याच खणात मागच्या बाजूला
शिबूचा आणि माझा पासपोर्ट असायचा, जुन्या कफीलच्या वेळी.
मातरचा डबा अजून तिथेच आहे.
परवा धूळ पुसताना उगाच जोडून पाहिला.
कारखान्यातून निघाला तेव्हाचे आकडे, एकही हललेला नाही :
चारशे घोडे,
सिग्नलला एसी लावूनही
बंद न पडणारे.